पियानो वर, पियानो खाली

जाड्या-रड्याचा ‘द म्युझिक बॉक्स’ लागला की माझं लक्ष त्या दोघांपेक्षा त्यांच्या लाकडी खोक्याकडेच जास्त असतं. १९३२चा हा बोलपट, तीन रिळांचा, जेमतेम अर्ध्या तासाचा. गोष्ट म्हणाल तर एवढीच: टेकडीवरच्या घरात पियानो पोचवायचाय आणि मध्ये जिना आहे. लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात, व्हेंडोम रस्त्यावरून चढणारा तो जिना अजून जागेवर आहे. पायऱ्या १३३.

उभा पियानो म्हणजे नुसतं लाकूड नव्हे. तारांचा ताण पेलायला आत बिडाची चौकट असते, त्यामुळे वजन सहज दोनशे किलोच्या घरात जातं आणि जडपणा सगळा पाठीकडे. त्यातून हा आपोआप वाजणारा, म्हणजे आतल्या यंत्रणेचं ओझं आणखी वेगळं. असलं धूड जिन्यावर तिरकं झालं की बहुतेक भार खालच्या माणसावर येतो. वरच्याचं काम दिशा देण्याचं. म्हणून जाणते हमाल दांडगा गडी खाली ठेवतात आणि ‘हां, उचला’ म्हणणारा एकच असतो. इथेही हुकूम एकटा ऑलीच, म्हणजे जाड्याच, सोडतो. स्टॅन, म्हणजे रड्या, तो पाळतोही, अगदी शब्दशः. घोटाळा तिथेच.

पण पियानो पहिल्यांदा घसरतो तो वजनाने नाही, सभ्यतेने. बाबागाडी घेऊन उतरणाऱ्या दाईला वाट द्यायला हे दोघं जातात आणि खोकं निघतं खाली. पायरीगणिक आतल्या तारा झणझणतात. डोळ्यांना दिसतं खोकं, पियानो असतो तो कानांना! बोलपट येऊन तेव्हा काही वर्षंच झाली होती, आणि या दोघांनी १९२७ साली ह्याच जिन्यावर एक मूकपट केला होता, ‘हॅट्स ऑफ’. त्यात वॉशिंग मशीन होतं. तो मूकपट आज कुठेच सापडत नाही. हळहळ वाटते, पण वॉशिंग मशीनला तारा नसतात, हेही खरंच.

लोकांना शेवटची मोडतोड आवडते: पियानोचा तिरस्कार करणारा प्राध्यापक कुऱ्हाड चालवतोय, मध्येच राष्ट्रगीत वाजतं आणि घाव थांबवून तो सलाम ठोकतो. छानच आहे ते. माझ्या मते मात्र खरी जागा जिन्याच्या माथ्यावरची. घामाघूम होऊन दोघं कसेबसे वर पोचतात आणि पोस्टमन सहज सांगतो, अहो, पलीकडून गाडीरस्ता होता की! आता तुम्ही-आम्ही कपाळाला हात लावू, फार तर पोस्टमनला चार शब्द सुनावू. हे दोघं पियानो उचलून पुन्हा खाली नेतात, घोडागाडीत चढवतात आणि रस्त्याने रीतसर वर आणतात. चेहऱ्यावर समाधान, काम पद्धतशीर केल्याचं. दिग्दर्शक जेम्स पॅरटने इथे घाई केलेली नाही, हे फार बरं.

विनोदी लघुपटाचं ऑस्कर त्या वर्षी पहिल्यांदाच ठेवलं गेलं आणि ते ह्या हमालीला मिळालं. ऑली पाठ देऊन वाकलेला असताना नेमकी दोन पावलं पुढे सरकून त्याच्या अंगावर पियानो पाडणाऱ्या घोड्याचा कुणी विचारही केला नसावा. असो.