मोजणीच्या टेबलावर दिसलेली आघाडी

महसूल खात्यात नोकरी केलेल्या माणसाला मतमोजणीचं अप्रूप फारसं राहत नाही. तहसीलदार झाल्यापासून ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सगळ्या मोजण्या केल्या. पण ८ नोव्हेंबर २०१५ चा दिवस अजून जसाच्या तसा डोळ्यासमोर आहे. बिहार विधानसभेच्या मोजणीसाठी निवडणूक आयोगाने मला निरीक्षक म्हणून पाठवलं होतं. जिल्हा मिथिलांचलातला. मतदारसंघाचं नाव सांगत नाही, कारण पुढे ज्यांच्याविषयी लिहितोय ती साधी माणसं आहेत.

त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, महाराष्ट्रात मी निवडणूक निर्णय अधिकारी होतो. त्या निवडणुकीत आपल्याकडे युतीही तुटली आणि आघाडीही तुटली. पंचवीस वर्षं एका मांडवात बसलेली माणसं मोजणीच्या जाळीपलीकडे एकमेकांकडे पाठ करून उभी होती. चौरंगी लढतीत कुणाची मतं कुठे गेली याचा थांगपत्ता कुणालाच नव्हता. बिहारमध्ये नेमकं उलटं घडलं होतं. राष्ट्रीय जनता दलाचे (राजद) लालूप्रसाद आणि जनता दल युनायटेडचे (जदयू) नितीशकुमार वीस वर्षं एकमेकांविरुद्ध लढले. नितीशकुमारांचं सगळं राजकारण लालूंच्या राजवटीला विरोध करून उभं राहिलेलं. २०१० मध्ये भाजपबरोबर राहून त्यांनी २४३ पैकी २०६ जागा जिंकल्या, तेव्हा राजद २२ वर आला होता. आणि आता जदयू, राजद आणि काँग्रेस एकाच बाजूला!

हे का झालं, ते आकड्यांत स्पष्ट दिसत होतं. २०१४ च्या लोकसभेत बिहारच्या ४० पैकी ३१ जागा भाजप आणि मित्रपक्षांनी नेल्या. राजदला ४ आणि जदयू, काँग्रेसला दोन-दोन. पण राजद, जदयू आणि काँग्रेस यांची मतं एकत्र केली तर ती भाजपच्या आघाडीपेक्षा, म्हणजे रालोआपेक्षा, जास्त भरत होती. त्याच ऑगस्टमध्ये दहा जागांच्या पोटनिवडणुकीत हा हिशेब करून पाहिला गेला, आणि दहापैकी सहा जागा त्यांना मिळाल्या. मग जागावाटप झालं: जदयू १०१, राजद १०१ आणि काँग्रेस ४१. ज्या जदयूचे आधीचे ११५ आमदार, त्याने १०१ जागांवर लढायला तयार होणं म्हणजे आपल्याच माणसांची तिकिटं कापणं. इतकं पडतं घेणं सोपं नसतं. आपल्याकडे एकेका मतदारसंघावरून युत्या मोडताना मी पाहिल्या आहेत.

तरीही मनात शंका होतीच. नेत्यांनी व्यासपीठावर हात उंचावले म्हणून गावातली माणसं एक होतात का? ज्या बूथवर कालपर्यंत कंदील (राजदचं चिन्ह) आणि बाण (जदयूचं) यांच्यात डोकी फुटली, तिथला कंदीलवाला बाणाचं बटण दाबेल? ‘मतं ट्रान्सफर होत नाहीत’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक कार्यकर्त्याच्या तोंडी असतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं.

मोजणी बाजार समितीच्या आवारात होती. बिहारमध्येही तिला बाजार समितीच म्हणतात, आणि धान्याच्या गोदामांचा तो वासही ओळखीचा होता. पहाटे कर्मचाऱ्यांची टेबलं ठरली. स्ट्राँगरूमचं सील उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर, कॅमेऱ्यासमोर तोडलं. आठ वाजता टपाली मतं आणि अर्ध्या तासाने यंत्रं. चौदा टेबलं, मध्ये लोखंडी जाळी आणि जाळीपलीकडे प्रतिनिधींचे बाक.

आमच्या मतदारसंघात आघाडीचा उमेदवार जदयूचा, समोर भाजपचा. प्रत्येक उमेदवाराला टेबलामागे एक प्रतिनिधी मिळतो. आघाडीच्या उमेदवाराने दिलेली यादी पाहताना माझ्या दिमतीला दिलेला स्थानिक अधिकारी हळूच म्हणाला, ‘सर, यातले निम्मे राजदचे आहेत.’ मी यादी पुन्हा वाचली. आपल्या उमेदवाराच्या मोजणीला मित्रपक्षाचा माणूस बसवणं म्हणजे घराची किल्ली शेजाऱ्याच्या हातात देणं. महाराष्ट्रात मी असं क्वचितच पाहिलं होतं.

पाचव्या टेबलापाशी साठीच्या पुढचे एक गृहस्थ बसले होते. पांढरं धोतर, खांद्यावर गमछा, हातात शाळकरी पोरांची असते तशी वही. त्यांच्याच बाकावर, आघाडीच्याच बाजूचा पण पुढच्या टेबलाचा एक चाळिशीतला माणूस. म्हातारे राजदचे, हा जदयूचा. दोघंही एकाच पंचायतीतले आणि तिथल्या मुखियापदाच्या निवडणुकीत आमनेसामने आलेल्या घरांतले. हे सगळं मला माझ्या अधिकाऱ्यानेच सांगितलं. सकाळी दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते.

साडेनऊच्या सुमारास बाहेरच्या माध्यम कक्षातून बातमी आत झिरपली की टीव्हीवर रालोआ पुढे आहे. काही वाहिन्यांनी तर निकाल जवळपास जाहीरच केला होता. पाटण्यात फटाके फुटल्याचंही कुणीतरी सांगितलं. भाजपच्या बाकांवर एकदम जान आली. म्हाताऱ्यांनी मात्र मान वर केली नाही. टेबलावरचा कर्मचारी कंट्रोल युनिटचं निकालाचं बटण दाबायचा, ‘बीप’ वाजायचं, लाल आकडे उजळायचे आणि तो यंत्र जाळीकडे वळवून धरायचा. म्हातारे प्रत्येक आकडा मोठ्याने उच्चारून लिहायचे. समोरच्या बाजूचा तरुण पोरगाही आपल्या कागदावर तेच लिहायचा. एकदा म्हाताऱ्यांना आकडा नीट दिसला नाही, तर त्याच पोराने तो वाचून दाखवला. असे प्रसंग कुठल्या अहवालात येत नाहीत, पण मोजणी ज्यावर चालते तो विश्वास इथेच असतो, असं मी माझ्या सगळ्या नोकरीच्या जोरावर म्हणतो.

प्रत्येक फेरीनंतर कुठलीही दोन यंत्रं निवडून ती पुन्हा तपासायची आणि मग फेरीच्या तक्त्यावर सही करायची, हे निरीक्षकाचं काम. माझ्या फायलीत २०१४ च्या लोकसभेचे बूथवार आकडेही होते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला मी ते शेजारी ठेवले आणि मग माझं लक्ष त्यांवरून हटेना. लोकसभेला ज्या बूथवर कंदिलाचा जोर होता आणि बाण कसाबसा उरला होता, तिथे आता कंदील यंत्रावर नव्हताच, आणि बाणाचा आकडा दोघांच्या बेरजेच्या आसपास येत होता. एका बूथवर नव्हे, एकामागून एक. काही ठिकाणी बेरीज तुटत होती, नाही असं नाही. दोन-तीन गावांत तर चांगलीच तुटली. पण बाकीच्या फेऱ्यांत ती भरून निघत होती. मतदानाला बायकांच्या रांगा पुरुषांपेक्षा लांब होत्या हे मी ऐकलं होतं. राज्यभरात बायकांचं मतदान ६० टक्क्यांवर गेलं होतं आणि पुरुषांचं त्याच्या बरंच खाली. नुसत्या जातीच्या बेरजेने तो निकाल समजत नाही, असं माझं मत तिथेच झालं. नितीशकुमार सरकारने दिलेल्या सायकलवरून शाळेला गेलेल्या मुली तोवर मतदार झाल्या होत्या.

दुपारच्या आधी सहाव्या टेबलावर एक यंत्र अडलं. बटण दाबलं, पण आकडेच उजळेनात. क्षणात जाळीपाशी गर्दी झाली, ‘मशीन बदली, मशीन बदली’ असा ओरडा सुरू झाला. अशा वेळी घाई केली की संशय वाढतो. मी निर्णय अधिकाऱ्यांना सांगून बाकीची टेबलं चालू ठेवली आणि सगळ्या पक्षांच्या एकेका प्रतिनिधीला जवळ बोलावलं. यंत्राचा क्रमांक, सील, केंद्राध्यक्षाने दिलेला १७-सी नमुना (बूथवर किती मतं पडली त्याची नोंद), त्यावरच्या प्रतिनिधींच्या सह्या, सगळं त्यांना वाचायला दिलं. मग कंपनीच्या अभियंत्याने त्यांच्यासमोर बॅटरी बदलली. आकडे उजळले आणि एकूण मतं १७-सीशी तंतोतंत जुळली.

ते बूथ म्हाताऱ्यांच्या गावचं निघालं. आघाडीला तिथे भरघोस मतं होती. जदयूचा तो चाळिशीतला माणूस आकडे पाहून गप्पच झाला. मग वळून म्हाताऱ्यांना म्हणाला, ‘चाचा, आपका टोला तो पूरा दे दिया.’ टोला म्हणजे वस्ती. म्हातारे वहीत लिहितच म्हणाले, ‘जबान दिए थे.’ दिवसभरात त्या दोघांमध्ये झालेलं ते पहिलं बोलणं. नंतर मात्र ते एकाच वहीत बेरजा करत बसले.

तोवर बाहेरचं चित्र पालटलं होतं. टीव्हीवरचे सकाळचे कल उलटले होते आणि भाजपच्या बाकांवरची माणसं एकेक करून उठू लागली. समोरचा तो तरुण मात्र शेवटच्या फेरीपर्यंत हलला नाही. निकाल जाहीर झाल्यावर त्याने सगळ्या केंद्रांच्या आकड्यांची प्रत मागितली आणि म्हाताऱ्यांना वाकून नमस्कार करून गेला. त्याच्या उमेदवाराला मिळालेली मतंही काही कमी नव्हती. राज्यात सर्वांत जास्त मतं, २४ टक्क्यांच्या वर, भाजपचीच होती. पण त्यांच्या जागा आल्या ५३. समोरचे तिघे एकत्र नसते तर तेच आकडे कसे दिसले असते, याचं उत्तर लोकसभेने आधीच दिलेलं होतं.

रात्री विश्रामगृहावर टीव्ही लावला. राजद ८०, जदयू ७१, काँग्रेस २७, एकूण १७८. राजदच्या जागा जदयूपेक्षा जास्त आल्या, तरी मुख्यमंत्री नितीशकुमारच होणार, कारण ते आधीच ठरलं होतं. पाटण्यात दोघा नेत्यांनी एकमेकांना मिठी मारली, ते दृश्य सारखं दाखवत होते. मला ते पाहताना राहून राहून पाचव्या टेबलावरची वही आठवत होती. मिठी पाटण्यात मारली गेली, पण ती निभावली होती ‘जबान दिए थे’ म्हणणाऱ्या माणसांनी. पुढे २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात सपा आणि बसपा एकत्र आले, तेव्हा कागदावरची बेरीज तिथेही भक्कम होती. पण ८० पैकी १५ जागांवर गाडी थांबली.

जुलै २०१७ मध्ये नितीशकुमारांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्याच दिवशी भाजपबरोबर पुन्हा शपथ घेतली. असं करायचा त्यांना अधिकार होता की नव्हता, यावर वाद होऊ शकतो. पण मला राग आला, हे लपवत नाही. नेत्यांनी दिलेला शब्द गावागावांत कुणीतरी स्वतःच्या नावावर पुढे दिलेला असतो, आणि तो मोडला की किंमत त्यालाच मोजावी लागते.

त्या आठवड्यात मी बिहारमधल्या त्या अधिकाऱ्याला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या दोघांचं विचारलं. तो म्हणाला, ‘सर, एकमेकांच्या घरी लग्नाकार्याला जातात, त्यात फरक नाही. पण म्हातारबुवांनी टोल्यात सांगून टाकलंय, आता कुणाच्या वतीने जबान देणार नाही.’