३३८९ क्रमांकाचे दार

सांगलीतील आमच्या कर सल्लागार कार्यालयात सात संगणक आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा सांभाळणारा एक सर्व्हर आहे. २०२३ च्या सप्टेंबरात, टॅक्स ऑडिटची ३० तारखेची मुदत दोन आठवड्यांवर आली असताना, एका सोमवारी सकाळी टॅलीत एकही कंपनी, म्हणजे कोणत्याही अशिलाची हिशेबवही, उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावामागे अनोळखी अक्षरे जोडली गेली होती आणि डेस्कटॉपवर इंग्रजीत एक चिठ्ठी होती, की फाइली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असल्यास बिटकॉइनमध्ये पैसे भरा. रॅन्समवेअर हा शब्द मी ऐकून होतो; तो आपल्या टेबलावर येईल असे मला कधी वाटले नव्हते.

ओळखीच्या तंत्रज्ञाने फोनवर पहिली सूचना दिली ती सर्व्हर बंद न करता केवळ त्याची लॅनची, म्हणजे कार्यालयातील नेटवर्कची, वायर काढण्याची, कारण यंत्र बंद केले तर मेमरीत उरलेला पुरावा नाहीसा होतो आणि वायर तशीच राहिली तर शेअर केलेल्या फोल्डरांमधून नुकसान पुढच्या संगणकांवर जात राहते. तोपर्यंत दोन संगणक हातचे गेले होते, पाच वाचले. चिठ्ठीचे आणि पडद्याचे फोटो काढून आम्ही राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि सर्ट-इन या सायबर घटनांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला ईमेल पाठवली. तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

हल्लेखोर आत कसे आले, याचे उत्तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे संगणकावरील घडामोडींच्या नोंदवहीत, मिळाले. ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे लॉगिन फसल्याच्या, नोंदींच्या रांगाच्या रांगा होत्या आणि त्यांच्या शेवटी पहाटेच्या वेळी ४६२४ ची, म्हणजे लॉगिन यशस्वी झाल्याची, एक नोंद होती. सिक्युरिटी लॉगची मूळ मर्यादा २० एमबी असल्याने जुन्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या, त्यामुळे हे प्रयत्न किती दिवस चालू होते हे सांगता येत नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करता यावे म्हणून आम्ही राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे, म्हणजे दुरून सर्व्हर चालवण्याच्या सोयीचे, ३३८९ क्रमांकाचे पोर्ट (जणू दारच) इंटरनेटला उघडे करून दिले होते आणि कार्यालय पुन्हा सुरू झाल्यावर ते बंद करायचे राहून गेले. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड होता कार्यालयाचे नाव आणि वर्ष. म्हणजे दार आमचेच होते आणि ते तीन वर्षे उघडे होते.

पैसे द्यायचे नाहीत, हे आम्ही त्याच दुपारी ठरवले. किल्ली मिळेलच याची खात्री नव्हती आणि त्या पैशातून पुढचा हल्ला उभा राहिला असता. ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात, पण आमच्या प्रकाराची नव्हती. विंडोज स्वतःच ठेवते त्या फाइलींच्या जुन्या प्रती, म्हणजे शॅडो कॉपी, हल्लेखोरांनी आधीच पुसल्या होत्या आणि बॅकअपची डिस्क सर्व्हरला कायम जोडलेली असल्याने तीही गेली होती. आम्हाला तारले ते आमच्या ज्येष्ठ लेखापालांनी. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. ते दर शनिवारी एका वेगळ्या डिस्कवर टॅलीची प्रत घेऊन ती घरी नेत असत, मात्र आजारपणामुळे मागचा शनिवार चुकला होता. नऊ दिवसांच्या नोंदी आम्ही व्हाउचर पाहून पुन्हा केल्या, रात्री जागून केल्या, आणि मुदत पाळली. डेटा बाहेर गेलाच नसेल असे छातीठोकपणे सांगता येत नव्हते, म्हणून प्रत्येक अशिलाला आम्ही स्वतः फोन करून घडलेले सांगितले आणि आमच्या नावाने पॅन किंवा बँकेचा तपशील मागणारी ईमेल आली तर उत्तर देऊ नका, असेही बजावले. हे फोन करणे सगळ्यात जड गेले.

सर्व्हर पूर्ण पुसून नव्याने उभा केला. ३३८९ बंद झाले. बाहेरून यायचे तर आता व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी जोडणी, आणि मोबाइलवरचा दुसरा कोड लागतो, शिवाय पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते काही काळ बंद होते. रोजच्या कामाच्या खात्यांचे ॲडमिनचे अधिकार काढले आणि अशिलांसाठीचे वायफाय वेगळ्या नेटवर्कवर नेले. जुन्या सर्व्हरवर एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवर फाइली शेअर करण्याच्या पद्धतीची, पहिली आवृत्तीही चालू होती. तिच्यातील दोषातून वॉनाक्राय हे रॅन्समवेअर १२ मे २०१७ रोजी जगभर पसरले, आणि त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये देऊन ठेवली होती. नव्या सर्व्हरवर ती आवृत्ती बंद आहे आणि अपडेट पुढे ढकलणेही आम्ही बंद केले आहे.

बॅकअप आता तीन प्रतींचा आहे, त्यांतली एक कार्यालयाबाहेर असते आणि एरवी कशालाही जोडलेली नसते. महिन्यातून एकदा त्यातील एक कंपनी रिकाम्या संगणकावर पुन्हा उघडून पाहतो. डिसेंबरातील पहिल्याच चाचणीत एका डिस्कवर पाच आठवडे भलत्याच फोल्डरची प्रत जात असल्याचे आढळले, आणि काकांनी ती चूक त्याच संध्याकाळी दुरुस्त केली.