प्रौढ वर्ग एकाचे सहा झाले, त्यातला माझा अनुभव

आम्ही तिघींनी मोठ्या माणसांसाठी लिहायवाचायचा वर्ग सुरू केला तेव्हा ट्रेनिंग वगैरे डोक्यातच नव्हतं, आपल्याला वाचता येतं म्हणजे शिकवताही येणार असंच वाटत होतं. सात जण यायचे, दिवसभराची कामं उरकून, आणि महिन्याभरात त्यातले चार यायचे बंद झाले.

त्यातल्या एका मावशींना भेटले तर म्हणाल्या, "ताई, कमळ-बदक शिकून मी काय करू, मला गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायचीय." मला काही बोलताच येईना. दुसऱ्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं आणि एकेकाला विचारत बसले, तुम्हाला नेमकं काय वाचायचंय. कुणाला मुलीचा मेसेज, कुणाला बसची पाटी, कुणाला अंगठ्याऐवजी सही करायची होती.

पुढे वाचनात आलं की १९५७ मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स आयलंडवर बर्निस रॉबिन्सन यांनीही हेच केलं होतं. त्या शिक्षिका नव्हत्या, बायकांची केशरचना करून द्यायचा त्यांचा व्यवसाय होता. लहान मुलांची पुस्तकं आणली होती ती त्यांनी ठेवून दिली आणि लोकांनाच विचारलं, तर त्यांना मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, मतदार म्हणून नाव नोंदवायचं होतं. पुढे असे वर्ग अमेरिकेच्या दक्षिण भागात खूप ठिकाणी निघाले आणि त्यासाठी सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेने तिथल्या साध्यासुध्या माणसांमधूनच शिकवणारे तयार केले. हे वाचून मला फार धीर आला.

आमचेही वर्ग वाढत गेले, पण खरी अडचण तिसरा वर्ग सुरू केल्यापासून आली. नवीन शिकवणारे मनापासून यायचे पण शिकवायचे शाळेतल्यासारखं, "चूक, परत लिहा", लाल पेन. पन्नाशीच्या माणसाला चारचौघांत असं बोललं की तो परत येत नाही.

म्हणून आम्ही ट्रेनिंग सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर कुणालाच न येणाऱ्या, जॉर्जिया देशाच्या जॉर्जियन लिपीतली पाच अक्षरं काढून सगळ्यांना सांगितलं, दहा मिनिटांत उतरवा आणि एकेकाने पुढे येऊन वाचा. पदवीधर मुलंसुद्धा पेन इतकं दाबून धरत होती की एकाचा कागद फाटला. त्यानंतर तासभर नुसतं बोलणं झालं, कारण भीती काय असते ते आता सांगावं लागत नव्हतं. दुसरी गोष्ट चष्म्याची. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसायला लागतं आणि आम्ही समजायचो अक्षर लक्षात राहत नाही, तेव्हापासून कुणीही नवीन आलं की आधी नजर तपासून घ्या म्हणतो. बाकी भाषणं आम्ही बंदच केली, त्याऐवजी दर आठवड्याला एकमेकांच्या वर्गात मागे बसायचं आणि नंतर दोनच प्रश्न, आज कोण बोललं नाही आणि का.

आता सहा वर्ग आहेत आणि शिकवणाऱ्यांतल्या चौघी आमच्याच वर्गात शिकलेल्या. गोळ्यांच्या पाकिटवाल्या मावशी यावेळच्या ट्रेनिंगला होत्या. जॉर्जियन अक्षरं त्यांनी सावकाश काढली, मग शेजारच्या मुलीचा घट्ट आवळलेला हात बघून म्हणाल्या, "पेन जरा सैल धर गं, कागद कुठे पळत नाहीये."