तंबाखू मळणारे हात

माझ्या धाकट्या भावाला मी एका जागी शांत बसलेलं फक्त तंबाखू मळतानाच पाहिलं होतं. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखाने चुना, अंगठ्याने सावकाश मळणं, दोन थापट्या आणि बार दाताखाली. जेवताना तीनदा ताटावरून उठणारा, चार नोकऱ्या सोडलेला मुलगा तो हाच!

पुढे दारू आली. "ताई, दोन पेग गेले की डोक्यातला बाजार उठतो," तो एकदा म्हणाला. मी त्यालाच सुनावलं. आजही ते आठवलं की फार वाईट वाटतं, कारण त्याने मला सगळं सांगितलं होतं.

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकू न देणारी, सतत चुळबुळ करायला लावणारी मेंदूची अवस्था, आहे हे कळलं एकोणतिसाव्या वर्षी. त्याआधीच्या व्यसनमुक्ती केंद्रात रोज दीड तास मांडी घालून सत्राला बसायचं, हलायचं नाही. नवव्या दिवशी तो घरी आला. कागदावर शेरा होता : 'सहकार्य करत नाही.'

दुसऱ्या ठिकाणच्या समुपदेशक ताईंनी त्याला मागे उभं राहून ऐकायची मुभा दिली. गटात बोलणं चालू असताना त्याच्यापुढे मेथीची जुडी ठेवली. तो निवडत राहिला आणि ऐकतही राहिला. रोजची वही लिहिणं जमेना, तर म्हणाल्या, फोनवर बोलून ठेव. भेटीच्या दिवशी सकाळी आठवणीचा फोन यायचा. एवढंच, पण त्याने तो टिकला.

मानसोपचार डॉक्टरांनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागवून पाहिली. निकोटिनने लक्ष थोडा वेळ खरंच एकवटतं, म्हणून अशा मुलांना ते सुटायला जड जातं, हे त्यांनी आम्हाला समजावलं. एडीएचडीसाठी ॲटोमॉक्सेटीन सुरू केलं. या गोळीची सवय लागत नाही, पण गुण यायला काही आठवडे जातात. तेवढे दिवस घरच्यांनीच धीर धरायचा असतो.

घरात कुणी रोज भरपूर पीत असेल, तर बाटली एकदम हिसकावून घेऊ नका. फिट येऊ शकते, जिवावर बेततं. आधी डॉक्टर गाठा. कुठे जावं सुचत नसेल तर १४४१६ वर, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं.

तो मोटार रिवाइंडिंग करतो. आता तांब्याच्या उरलेल्या तारा खिशात असतात, बोटं त्या वळत बसतात. माझ्या खिडकीत तारेच्या अकरा चिमण्या आहेत.

गेल्या महिन्यात एका वरातीतून रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. "ताई, घेतली मी. न्यायला येशील?" मागे डीजे दणाणत होता. मी काही विचारलं नाही, गाडीची किल्ली घेतली.