घरी न्या, सेवा करा

पंधरा दिवसांच्या सुट्टीवर गावी आलोय. औसा तालुक्यातलं आमचं गाव. रात्री लाईट गेली की सगळं घर अंगणात बाजा टाकून बसतं. परवा असंच बसलो होतो, तर आजीनं मध्येच विचारलं, "तिकडं मरायला येगळा दवाखाना हाय म्हणूलालास फोनवर. खरं का?"

डब्लिनला माझ्या शेजारी एकट्या राहणाऱ्या एक आयरिश बाई होत्या. वय ऐंशीच्या पुढं. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या, तेव्हा फोनवर मी सांगितलं होतं की शेवटचे तीन आठवडे त्या हॉस्पिसमध्ये होत्या. आजीच्या डोक्यात ते तसंच राहिलं. "मरायचा दवाखाना" हे तिचं नाव काही अगदीच चूक नाही, पण हॉस्पिस या शब्दाचं मूळ बघितलं तर ते आपल्या धर्मशाळेजवळ जातं. युरोपात यात्रेकरूंनी रस्त्यात मुक्काम करायच्या जागेला पूर्वी हे नाव होतं, आणि अशा जागा बहुतेक मठांच्या असत. धर्मशाळा म्हटल्यावर आजीला पटकन कळलं. पंढरपूरला जाणाऱ्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

मी राहतो तो भाग हॅरल्ड्स क्रॉस. तिथंच ते अवर लेडीज हॉस्पिस आहे. अवर लेडी म्हणजे येशूची आई, मारिया. जवळच माउंट जेरोम नावाचं १८३६ सालचं मोठं कबरस्तान आहे, तिथं २००० सालापासून दहनाचीही सोय आहे. आपल्या एका ओळखीच्याला निरोप द्यायला मीही एकदा तिथं गेलोय. सुरुवातीला या दोन्हींजवळून बस जायची तेव्हा मी मान फिरवून घ्यायचो. आता सवय झाली.

हॉस्पिसची गोष्ट मेरी एकेनहेड या बाईपासून सुरू होते. जन्म १७८७, कॉर्क शहरातला. बाप प्रोटेस्टंट डॉक्टर, आई कॅथलिक. १८१५ साली तिनं सिस्टर्स ऑफ चॅरिटी हा नन्सचा संघ काढला. नन्स सहसा तीन व्रतं घेतात, या घेतात चार. चौथं व्रत गरिबांच्या सेवेचं. १८३४ साली त्यांनी डब्लिनमध्ये सेंट व्हिन्सेंट्स हे रुग्णालय उघडलं. मेरीबाईंची स्वतःची शेवटची वर्षं मात्र अंथरुणात गेली. हॅरल्ड्स क्रॉसच्या मठात पडल्या पडल्या त्या पत्रं लिहून सगळ्या संघाचा कारभार बघायच्या. १८५८ साली तिथंच गेल्या. पुढं १८७९ मध्ये त्याच मठाचं हॉस्पिस झालं.

गरज काय होती? तेव्हा डब्लिनमध्ये क्षयानं माणसं जायची. मोठी रुग्णालयं बरं होणाऱ्याला खाट द्यायची, न बरं होणाऱ्याला नाही. मग गरिबाला उरायचं ते सरकारी अनाथालयासारखं वर्कहाउस, ज्याच्या नावानंच लोक थरकापायचे. नन्सनी तिसरी जागा काढली.

अर्थात ही कल्पना एकट्या आयर्लंडची नाही. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जान गार्निए नावाच्या तरुण विधवेनं १८४२ सालीच असं काम सुरू केलं होतं. नवरा आणि दोन्ही लेकरं गेलेली बाई. तिनं सोबतीला घेतल्या त्याही विधवाच. (हे सांगितल्यावर काकू काहीच बोलल्या नाहीत, नुसतं पदरानं डास हाकलत राहिल्या.)

पण मला खरं सांगायचंय ते यापुढचं. डब्लिनच्याच नन्सनी १९०५ साली लंडनच्या हॅकनी भागात सेंट जोसेफ्स हॉस्पिस काढलं. तिथं माया होती, स्वच्छता होती, प्रार्थना होती. वेदनेवरचं शास्त्र मात्र बेताचंच. १९५८ मध्ये तिथं सिसिली साँडर्स नावाची डॉक्टर आली. आधी नर्स, मग रुग्णालयातली समाजसेविका, आणि मग वेदनेवरच काम करायचं म्हणून वयाच्या तिशीत डॉक्टरकी शिकलेली. गंमत म्हणजे ही कॅथलिक नव्हती, इंग्लंडच्या चर्चची होती. नन्सनी तिला दारं उघडी ठेवली. तिनं एकेका रोग्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. दुखणं उसळल्यावर इंजेक्शन टोचायचं ही तेव्हाची पद्धत. तिनं ती उलटी केली. मॉर्फिन तोंडावाटे द्यायचं, ठरावीक तासांनी द्यायचं, आधीच्या डोसाचा अंमल उतरायच्या आत पुढचा द्यायचा. म्हणजे माणसाला विव्हळून औषध मागावंच लागू नये. सात वर्षांत हजारावर रोग्यांच्या नोंदी झाल्या. अशा दुखण्यात नीट मापानं मॉर्फिन दिलं तर माणूस व्यसनी होत नाही की गुंगीत पडून राहत नाही, हे तिनं त्यांच्या आधारे दाखवलं. १९६७ साली तिनं स्वतःचं सेंट ख्रिस्तोफर्स उघडलं आणि तिथून ही विद्या जगभर गेली.

चर्चचा याला विरोध नव्हता का, असं माझ्या चुलतभावानं विचारलं. नव्हता. पोप बाराव्या पायस यांनी १९५७ मध्येच सांगितलं होतं की वेदना शमवायला दिलेल्या औषधानं आयुष्य थोडं कमी झालं तरी ते चालेल, हेतू मारण्याचा नसला म्हणजे झालं. मुद्दाम मारणं त्यांना तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही.

शेजारच्या बाईंना भेटायला मी चारदा गेलो. नर्स दर वेळी त्यांना विचारायची, "आत्ता दुखतंय का? किती?" आणि वहीत वेळ टाकायची. शेवटी गिळता येईना तेव्हा कातडीखाली बारीक सुई आणि उशाशी पंप, चोवीस तास थेंब थेंब औषध. एकदा त्यांनी काळी बिअर मागितली. घशाखाली उतरणं शक्यच नव्हतं. नर्सनं काडीला लावलेला स्पंजाचा बोळा बिअरमध्ये बुडवून त्यांच्या ओठांवरून फिरवला. बाई हसल्या.

मला तिथं आबा आठवले.

सहा वर्षांपूर्वी आबांना तोंडाचा कॅन्सर झाला. उमरभर तंबाखू. शहरातल्या एका दवाखान्यात दोन महिने फिरवलं, आणि एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या, सेवा करा." आपल्याकडं हे वाक्य किती घरांनी ऐकलं असेल! सेवा आम्ही केली. आजीनं केली, काकूंनी केली, दादांनी नोकरीवर बिनपगारी रजा टाकली. पण सेवेत काय काय येतं हे कुणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर तापाची गोळी होती. रात्री आबा ओरडायला लागले की दादा मोटारसायकल काढून शेजारच्या गावातून कंपाउंडरला घेऊन यायचे. तो इंजेक्शन द्यायचा, दोन तास बरं, मग पुन्हा तेच. आबांनी एकदा बशीतून चहा मागितला. ठसका लागेल म्हणून आम्ही दिला नाही.

ज्या मॉर्फिनची गोष्ट मी सांगत होतो ते कुठून येतं? अफूच्या बोंडातून. अनारशाला लावतो ती खसखस त्याच झाडाची. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडं सरकारी परवान्यानं त्याची शेती होते. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं इतकी कडक शिक्षा आणि इतके परवाने मागे लावले की औषध ठेवणंच दवाखान्यांनी सोडलं. २०१४ साली कायदा बदलला, मान्यताप्राप्त दवाखान्याला ते ठेवणं सोपं झालं. आबा त्यानंतर गेले. कायदा बदलला तरी गोळी लिहून देणारा हात आमच्यापर्यंत पोचला नाही.

हॉस्पिस भारतात नाहीत असंही नाही. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे. कॅन्सरचे डॉक्टर लुईस डिसूझा यांनी ते काढलं, तिथंही नन्सच सांभाळतात आणि पैसे घेत नाहीत. पण आमच्या गावाहून वांद्रे म्हणजे लातूर एक्स्प्रेसची अख्खी रात्र, तीही तसल्या माणसाला घेऊन. आणि मला विचाराल तर आबांना वांद्र्याला न्यायची गरजच नव्हती. ते अंगणात, लिंबाखाली, स्वतःच्या बाजेवर होते. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये हे काम सुरू झालं, आता तिथं नर्स आणि गावातली माणसं घरी जाऊन हेच करतात. इमारत लागत नाही. वेळेवर गोळी, वही आणि विचारणारं माणूस लागतं.

एवढं सगळं ऐकून आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजी ती गोळी तवाबी व्हती?"

"होती."

"मंग ह्यान्ला कामून दिली न्हाई?"

मी दादांकडं बघितलं. तेवढ्यात लाईट आली, सगळ्यांनी डोळे मिचकावले. दादा उठले, पायात चप्पल सरकवली, मोटर चालू करून येतो म्हणाले आणि बॅटरी न घेताच रानाकडं निघाले.