34 नंबर आणि पाठीमागची क्लिप

कॅटलॉगमधला कुर्ता किंवा जॅकेट समोरून अगदी मापात शिवल्यासारखं दिसतं ना, त्याच्या पाठीमागे बहुतेक वेळा दोन-तीन काळ्या बाइंडर क्लिपा लावलेल्या असतात. आमच्या धंद्यात याला कोणी लबाडी म्हणत नाही, मीपण नाही. पण ब्राला क्लिप लावायची की नाही यावरून गेल्या पावसाळ्यात माझ्याच घरात जे झालं ते काही डोक्यातून जात नाही.

माझा स्टुडिओ म्हणजे पेडण्यातल्या आमच्या जुन्या घराची मधली खोली. 85 एमएमच्या लेन्सने उभी बाई डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये घ्यायची तर साडेचार-पाच मीटर मागे जावं लागतं, तेवढी खोली कुठली असायला, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून फोटो काढते आणि मागून कुकरच्या शिट्ट्या. दिवाळीच्या सेलचे कॅटलॉग पावसातच शूट होतात. दमट हवेत सॅटिनवर स्टीमर फिरवला की पाण्याचे डाग पडतात आणि सुकता सुकत नाहीत, वर लाइट जाते ते वेगळंच. मॉडेलला आधीच सांगते, सैल फ्रॉक घालून ये, जीन्स नको, मोजेपण नकोत, कारण इलॅस्टिकचे वळ त्वचेवरून जायला तास-दीड तास लागतो आणि ते कॉम्प्युटरवर पुसत बसण्यापेक्षा चहा पाजणं स्वस्त. खोलीत मी, मॉडेल आणि माझी आत्या, बस. पट्टा सरळ करायचा तर आत्याच करते. क्लायंटचा माणूस बाहेर वसरीवर, फोटो त्याला टॅबवर दिसतात, आणि येताजाता डोकावून 'कसले फोटो गो?' विचारणाऱ्या शेजाऱ्यांशी बोलायचं कामही त्याचंच. गावाला माझ्या कामाची जेवढी काळजी आहे तेवढी आमच्या रस्त्याची असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी सकाळ सगळी काळ्या नेटमध्ये गेली. काळ्यावर काळी लेस असली की समोरून लाइट मारून उपयोग नसतो, नुसता काळा ठिपका दिसतो. दोन्ही बाजूंनी उभे स्ट्रिप सॉफ्टबॉक्स, म्हणजे कापडाने झाकलेले लांबट लाइट, त्यांना ग्रिड, म्हणजे उजेड पसरू न देणारी जाळी, आणि लाइट कापडावरून घासत गेला पाहिजे, तेव्हा कुठे लेसमधलं फूल न् फूल वर येतं. त्यात बारीक नेट असलं की सेन्सरच्या जाळीशी त्याची जाळी भांडते आणि फोटोत लाल-निळ्या लाटा उठतात, मॉयरे. मी अर्धा फूट पुढे सरकले, कोन जरा बदलला, शंभर टक्के झूम करून बघितलं, लाटा गायब. पाच मिनिटं स्वतःवरच खूश होते.

मग आली ती 34बी, नवीन सेटची. 34 हा बँडचा, म्हणजे छातीखालून पाठीवर जाणाऱ्या पट्ट्याचा नंबर, बी हे कपाचं माप. आमची मॉडेल फोंड्याची, एरवी जिममध्ये शिकवते, 34बी बरोबर बसते तिला. हुक लावले तर बँड पाठीवर वर चढला. नवीन ब्रा सगळ्यात सैल हुकावर घट्ट बसायला पाहिजे, कारण पुढे इलॅस्टिक ढिलं पडत जातं, आणि बँडखाली जेमतेम दोन बोटं जावीत. इथे सगळ्यात घट्ट हुकावर आत्याची अख्खी मूठ गेली! आत्याने आयुष्यभर ब्लाउज शिवलेत, तिने लगेच टेप काढली. छातीखाली मॉडेल 75 सेंटिमीटर, म्हणजे युरोपचा 75 आणि आपला 34, त्यात शंका नाही. शंका ब्रावरच.

बाहेरून क्लायंटचा तो माणूस, मुलगाच म्हणा, ओरडला, "मॅडम, क्लिप मारा ना." मी म्हटलं, आणि पाठीमागून फोटो हवा तेव्हा? तर म्हणे बॉक्समध्ये 32सी आहे, ती घाला. हे अगदी डोक्याने केलेलं होतं, कारण 32सी आणि 34बीच्या कपात माल तेवढाच मावतो, फक्त बँड लहान. समोरून कोणाच्या बापाला कळणार नाही.

मॉडेलने हात वर केले. म्हणाली, "ताई, कुर्त्याला लावा दहा क्लिपा. ब्रा खांद्याच्या पट्ट्यांवर नाही, बँडवर उभी असते, तोच खोटा दाखवायचा तर राहिलं काय? आणि बऱ्याच साइट हे परतपण घेत नाहीत." मुलगा म्हणाला, हे सॅम्पल आहे, वेगळ्या लॉटचं इलॅस्टिक लागलंय, प्रॉडक्शनमध्ये बरोबर येणार. सॅम्पल असं चुकतं, मी कितीदा बघितलंय. पण 'प्रॉडक्शनमध्ये बरोबर येणार' हे वाक्यही मी तितक्याच वेळा ऐकलंय. मी त्याला खोटा कसा म्हणणार आणि खरा तरी कशावरून?

शेवटी तिनेच तोड काढली. 32सी घातली, क्लिप नाही, पण रिलीज फॉर्मवर, म्हणजे फोटो वापरायला मॉडेल परवानगी देते त्या कागदावर, पेनाने लिहिलं, 'फोटोतलं माप 32सी, विक्रीच्या पानावर दुसरं लिहू नये', आणि त्याची सही घेतली. मी इतकी वर्षं मॉडेल बघतेय, फॉर्म वाचणारीच विरळा, यात स्वतःचं कलम घालणारी ही पहिलीच.

सेल लागला तेव्हा तिने स्क्रीनशॉट पाठवला. फोटोखाली लिहिलेलं, मॉडेलने 34बी घातली आहे. मी क्लायंटला फॉर्मचा फोटो टाकला, तर उत्तर आलं की तो मुलगा आता आमच्याकडे नाही. आत्या म्हणाली, वाद घालण्यापेक्षा एक मागवून मोज गो. मागवली. आली. मॉडेलला बोलावलं, घालून बघितली, सैल हुकावर घट्ट, दोन बोटं, एकदम बरोबर 34!

म्हणजे तो मुलगा खरं बोलत होता. आणि पानावरचं वाक्य तरीही खोटंच आहे. मला वाटलं आता तरी ही हसेल, पण मॉडेल म्हणते, "मग तर अडचणच नाही ना, हीच घालून परत काढू, पैसे नकोत मला." मी क्लायंटला विचारलं. म्हणाले, मॅडम, आता कशाला फोटो, तो माल संपलापण.