लेक घरी आली, रजा मात्र ५८ दिवसांनी आली

मिलिटरी पोलीसमधल्या एका मुलीचा, ऑफिसर नव्हे, सैनिक आहे ती, परवा फोन आला. तिला दत्तक घ्यायचंय, रजेचं कसं असतं विचारत होती. सांगता सांगता माझाच आवाज चढला, म्हणून आता नीट लिहून काढते.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मेजर आहे. ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नाव नोंदवल्यापासून तीन वर्षं चार महिने थांबलो. त्याची तक्रार नाही, सगळेच थांबतात. बाळाचा फोटो आल्यावर होकार कळवायला ४८ तास असतात, आम्हाला दहा मिनिटंही लागली नाहीत. आठ महिन्यांची लेक त्याच आठवड्यात घरी आली.

अडलं ते त्यानंतर. नियम असा: वैध दत्तकाच्या तारखेनंतर १८० दिवस रजा, पगार पूर्ण, पण मूल एक वर्षाच्या आतलं हवं. आता, बाळ घरी येतं तेव्हा ते कागदोपत्री आपलं झालेलं नसतं, दत्तकपूर्व संगोपनात असतं. दत्तक संस्था जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत अर्ज करते आणि दत्तक आदेश जिल्हाधिकारी काढतात. २०२२ आधी हे काम कोर्टाकडे होतं. मी ऑफिसात संगोपनाचा करारनामा पुढे ठेवला. हेडक्लार्कनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “मॅडम, ऑर्डर आणा, रजा लगेच लावतो.”

मी अर्ज केला, पुन्हा केला, मेट्रन मॅडमना भेटले. त्यांनी शब्द टाकला, तरी उत्तर तेच. ज्या दिवशी बाळ अनोळखी घरात, अनोळखी वासांत येतं, त्या दिवशी त्याला आई लागते. कागदाची वाट बघायला ते थांबत नाही. शिवाय वय वाढतच असतं. आदेश आणखी दोन-अडीच महिने लांबला असता तर लेक वर्षाची झाली असती आणि एक दिवसही मिळाला नसता. या भीतीने मी रोज संस्थेला फोन करायची.

शेवटी ॲन्युअल लीव्ह, म्हणजे वर्षाची साठ दिवसांची नेहमीची रजा, टाकली. साठातले २२ दिवस बाबांच्या ऑपरेशनला गेले होते, उरले ३८. म्हणून आधीच सांगते: होमस्टडी, म्हणजे दत्तकाआधीची घरची पाहणी, झाली की त्या वर्षीची ॲन्युअल लीव्ह राखून ठेवा. ३८ दिवस संपले, मी वॉर्डात रुजू झाले, लेक सासूबाईंकडे. वीस दिवस, त्यात दोनदा नाइट.

५८व्या दिवशी आदेश आला. त्याच दुपारी रजा मंजूर झाली, हेही खरं. आदेशाच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढा आणि पार्ट टू ऑर्डर निघेपर्यंत पाठ सोडू नका. मुलाचं नाव सर्व्हिस रेकॉर्डला त्यानेच लागतं, पुढचं सगळं त्यावर.

आणि फोनवर राहून गेलं ते: ही रजा आधी फक्त ऑफिसरांना होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी ती महिला सैनिक, नौसैनिक, हवाई योद्ध्यांनाही त्याच नियमांनी मंजूर केली. कुणी “तुमच्यासाठी नाही” म्हणालं तर ऐकून परत येऊ नकोस.

रजेच्या पहिल्या सकाळी मी हात पुढे केले. लेकीने सासूबाईंच्या खांद्यात तोंड खुपसलं. माझ्याकडे यायला तिला चार दिवस लागले.